चूकभूक द्यावीघ्यावी

शोकसभेला जाताना माणसाच्या एका खिशात रुमाल असतो आणि दुसऱ्यात भाषण. बांबूच्या दोन्ही खिशांत भाषणंच होती. रुमाल घरी राहिला होता.

बांबू म्हणजे चित्रपटाच्या ध्वनी विभागातला बूमवाला. लांब काठीच्या टोकाला माइक बांधायचा आणि ती काठी नटांच्या डोक्यावर, पण कॅमेऱ्याच्या नजरेबाहेर, तासन् तास तोलून धरायची, हे त्याचं काम. अंगानं तोही काठीसारखाच असल्यामुळे नाव ठेवणाऱ्याला फार डोकं चालवावं लागलं नव्हतं. ज्यांची शोकसभा होती ते कानसेन. ध्वनिमुद्रक. काठीवरच्या माइकची वायर जिथे जाते त्या यंत्रापुढे, कानांवर हेडफोन घालून बसणारे. बांबू त्यांना दादा म्हणायचा आणि त्यांच्या बायकोला वहिनी. आठ दिवसांपूर्वी दादा दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. "जातानासुद्धा माणसानं आवाज केला नाही," असं प्रत्येक जण म्हणत होता आणि हे फक्त आपल्यालाच सुचलं, असं प्रत्येकाला वाटत होतं.

बांबूच्या उजव्या खिशातलं भाषण साधं होतं: थोर माणूस, मोठी पोकळी, कधीही न भरून येणारी. डाव्या खिशातलंही तेच होतं, फक्त त्यात एक वाक्य जास्त होतं. ते वाक्य अकरा वर्षं जुनं होतं.

सकाळी बायको दारात ताट घेऊन उभी राहिली होती. "अहो, दोन घास खाऊन जा."

"घशाखाली उतरत नाही."

"मग निदान आज बोलून तरी टाका. तुम्ही पोटात ठेवायचं आणि ताप माझ्या डोक्याला!"

"बघू."

"बघू नका, बोला. दादा होते तोवर 'उद्या सांगतो' चालून गेलं. आता उद्या कोणाला सांगणार आहात?"

बांबूनं चपला घातल्या.

झालं होतं असं. त्या वेळी बांबूची नोकरी तीन महिन्यांची होती आणि लग्न तीन आठवड्यांचं. चित्रपटात एक म्हातारी मेलेल्या नवऱ्याच्या शर्टाची घडी घालत दीड मिनिट गप्प बसते आणि शेवटी स्वतःशीच पुटपुटते, "बाह्या अजून लांबच आहेत." काम करणाऱ्या बाई ब्याऐंशी वर्षांच्या होत्या. त्यांनी आधीच बजावलं होतं, "एकदाच करीन. दुसऱ्यांदा केलं तर तो अभिनय होईल."

त्या दिवशी बांबूला उशीर झाला होता, त्यामुळे स्वारी उपाशीच आली होती. पोटात कावळे ओरडतात ही नुसती बोलायची पद्धत आहे, असा त्याचा समज होता. बाईंनी घडी घातली. सगळे श्वास धरून उभे. बाई पुटपुटल्या, आणि नेमक्या त्याच क्षणी बांबूच्या पोटातून आवाज निघाला. आधी गंजलेलं दार उघडल्यासारखा, मग पाण्यात बादली बुडाल्यासारखा. कुर्रर्र... गुडुप.

दिग्दर्शक आवाजाच्या बाबतीत महाकडक माणूस. बूट वाजले म्हणून त्यानं आदल्याच आठवड्यात एका दिवेवाल्याला उभ्या उभ्या घरी पाठवलं होतं. तो ओरडला, "कोण होतं ते?" बांबूचे हात काठीसकट वरच होते, त्यामुळे तो आधीच शरण आल्यासारखा दिसत होता. तोंड उघडणार, तेवढ्यात यंत्रामागून दादांचा शांत आवाज आला.

"सर, माझं यंत्र कुरकुरलं. चूक माझी."

नुसतं बोलून दादा थांबले नाहीत. प्रत्येक टेकची नोंद ज्या कागदावर होते, त्या साउंड शीटवर शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी लिहिलं: 'यंत्राचा आवाज. चूक माझी.' खाली सही आणि तारीख.

तो आवाज पुटपुटण्यावर असा चिकटला होता की चार महिने खटपट करूनही सुटेना. शेवटी दिग्दर्शकानं त्यावर रस्त्यावरून जाणाऱ्या एका मोटारसायकलचा आवाज चढवला. त्या मोटारसायकलवर एका समीक्षकानं दीड पान लिहिलं: निघून जाणाऱ्या काळाचं प्रतीक म्हणे. बांबूच्या पोटाला कलेच्या इतिहासात एवढी जागा मिळाली. दादांना मात्र दिग्दर्शकानं पुढच्या तीन चित्रपटांना बोलावलं नाही. बांबूला बोलावलं. "पोरगा काठी छान धरतो," असं म्हणून.

चौथ्या चित्रपटाला दादा परत आले. तेव्हापासून त्यांच्या पिशवीत वायरींच्या भेंडोळ्यांबरोबर बिस्किटांचा पुडा असायचा. शॉटच्या आधी तो बांबूपुढे यायचा. "आधी पोट बंद कर, मग माइक चालू कर." एवढंच. त्या दिवसाबद्दल दादांनी कधी चकार शब्द काढला नाही आणि बांबूनं कधी आभार मानले नाहीत. पहिल्या दिवशी धीर झाला नाही, दुसऱ्या दिवशी लाज वाटली, आणि पुढे पुढे ते आभार इतके शिळे झाले की झाकण काढलं तर वास सुटेल, अशी भीती वाटायला लागली.

शोकसभा डबिंग स्टुडिओच्या छोट्या थिएटरमध्ये होती. भिंतींवर जाड गाद्या, जमिनीवर गालिचा; टाचणी पडली तर ती पितळेची की लोखंडाची हे सांगता यावं अशी जागा. पहिल्या रांगेत ज्यांना बोलायचं होतं ते बसले होते. दुसऱ्या रांगेत, बोलायला सांगितलं नाही म्हणून रुसलेले. ज्यांना खरंच वाईट वाटलं होतं ते शेवटच्या रांगेत होते. वहिनी पहिल्या रांगेच्या कडेला, पाठ ताठ, हात मांडीवर. पहिली रांग भरली होती, म्हणून प्रॉडक्शन मॅनेजरनं बांबूला दंडाला धरून दिग्दर्शकाच्या मागच्याच खुर्चीत बसवलं.

"तू चौथा. तीन मिनिटं. रडायचं असेल तर त्या तीन मिनिटांतच."

दिग्दर्शक पहिला बोलायला उठला. चांगला बोलला, हे कबूल करावं लागेल.

"पस्तीस वर्षांत या माणसाच्या हातून एक चूक झाली. एक! आणि ती त्यानं लपवली नाही. स्वतःच्या अक्षरात लिहून, सही करून दिली. मी त्याच्यावर रागावलो, ते माझं वय होतं. आज म्हणतो, असा खरेपणा दाखवा मला दुसरा!"

त्यानं खूण केली. मॅनेजरनं एका चौकटीवरचं कापड काढलं. आत काचेखाली तीच साउंड शीट होती. 'यंत्राचा आवाज. चूक माझी.'

"ही आता या स्टुडिओच्या भिंतीवर कायमची लागेल. नवीन पोरांनी बघावं, चूक कशी कबूल करायची असते."

टाळ्या पडल्या. खोटं बोलल्याबद्दल दादांना खरेपणाचं प्रशस्तिपत्र मिळत होतं, आणि त्यांनी न केलेली एकुलती एक चूक खिळा ठोकून कायमची टांगली जात होती. पस्तीस वर्षांचं काम एका बाजूला, आणि येणारी-जाणारी पोरं वाचणार काय, तर 'चूक माझी'. बांबूनं वहिनींकडे पाहिलं. त्या चौकटीकडे पाहत होत्या, चेहऱ्यावर काही नाही. त्याचा हात डाव्या खिशाकडे गेला, तिथे घामानं कागद ओला झाला होता. आपण चौथे, त्यानं स्वतःला समजावलं. अजून दोघं बोलायचे आहेत. चौथ्या नंबरला बोलीन. बहुतेक.

"आता सगळ्यांनी उभं राहायचं," मॅनेजर म्हणाला. "एक मिनिट शांतता. मग चौकट भिंतीवर लावू."

सगळे उभे राहिले. त्या खोलीतली शांतता साधी नव्हती. ती हजारो रुपये खर्चून बनवलेली शांतता होती. दहा सेकंद. वीस. कोणाच्या तरी नाकाची शिट्टी वाजली आणि थांबली. तीस. चाळीस.

कुर्रर्र... गुडुप.

पुढे उभा असलेला दिग्दर्शक दचकला. मग मान अगदी हळू, एकेक इंच वळत मागे आली. चार महिने, रोज, कानांवर हेडफोन लावून त्यानं तो आवाज ऐकला होता; झोपेत ऐकला होता; सख्ख्या भावाचा आवाज फोनवर एखादे वेळी ओळखला नसता, पण हा ओळखला. अजून वीस सेकंद उरले होते आणि त्या वीस सेकंदांत कोणालाही बोलता येणार नव्हतं. दिग्दर्शक बांबूच्या पोटाकडे बघत राहिला. बांबू चौकटीकडे बघत राहिला. वहिनींनी डोळे मिटले होते, पण त्यांचे खांदे हलत होते.

"धन्यवाद," मॅनेजर म्हणाला.

"परत कर," दिग्दर्शक बांबूला म्हणाला.

"काय, सर?"

"तो आवाज. परत कर."

"सर, पोटाला टेक दोन सांगता येत नाही."

कोणीतरी फिस्सकन हसलं आणि खोकल्यात लपवायला गेलं. बांबूला एकदम कळलं की भाषणाची गरजच उरली नाही. गाडी आपोआप उतारावर आली होती, आता नुसता ब्रेक सोडायचा होता.

"यंत्र नव्हतं, सर," तो म्हणाला. त्या खोलीत मोठ्यानं बोलावंच लागत नव्हतं. "मी होतो. उपाशी आलो होतो. दादांनी माझ्यासाठी अंगावर घेतलं. तुम्ही मला घरी पाठवलं असतंत, आणि घरी तीन आठवड्यांची बायको होती. अकरा वर्षं सांगेन सांगेन म्हणत राहिलो. त्यांची चूक नव्हती. त्यांची एकही चूक नव्हती."

खोली पुन्हा गप्प. यावेळी फुकटात. बांबू वहिनींसमोर जाऊन उभा राहिला.

"वहिनी, मी..."

"ये बाबा," वहिनींनी डोळे पुसले. रडून ओले झाले होते की हसून, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. "त्याच दिवशी घरी येऊन त्यानं मला नक्कल करून दाखवली होती. दाराची आणि बादलीची. आमची पोरगी लोळली होती हसून. तू आधी बोलतोस की तुझं पोट, एवढंच मला बघायचं होतं."

"तुम्हाला माहीत होतं? मग बोलला का नाहीत?"

"तो म्हणायचा, मी पोटात घातलंय, पण त्याच्या पोटातलं त्यालाच काढू दे. घाई केली तर अर्धवट बोलेल."

दिग्दर्शक पुढे आला. त्याचा चेहरा भाषणातल्यापेक्षा पुष्कळ लहान झाला होता. "पण वहिनी, मला तरी सांगायचंत. तीन चित्रपट मी त्याला..."

"तुम्ही विचारलं कुठे? त्यानं लिहून दिलं, तुम्ही वाचलं." मग त्यांनाच त्याची दया आली. "राहू द्या हो. त्या तीन चित्रपटांच्या काळात तो इथल्या इथे कामं करायचा. संध्याकाळी घरी असायचा. पोरीला सायकल त्यानं तेव्हाच शिकवली. तुमचे चित्रपट गेले, मला तीन वर्षं नवरा मिळाला. मी तोट्यात नाही."

दिग्दर्शकानं हा हिशोब दोनदा मनात तपासला असावा, कारण थोड्या वेळानं त्यानं श्वास सोडला. "चौकट काढून टाका," तो मॅनेजरला म्हणाला.

"कशाला?" वहिनी म्हणाल्या. "लावा की. अक्षर त्याचं आहे. फक्त चूक नव्हती ती, भूक होती. एका अक्षराचा तर फरक."

मॅनेजरनं चौकटीची मागची पट्टी उचकटली. कागद बाहेर आला. साउंड शीटचा नियम असा, की खाडाखोड चालते, पण करणाऱ्यानं शेजारी सही आणि तारीख टाकायची. बांबूनं 'चूक'मधल्या 'चू'वर एक रेघ मारली, वर 'भू' लिहिलं, आणि शेजारी आजची तारीख घालून सही केली. 'यंत्राचा आवाज' तसाच राहू दिला. शेवटी तेही एक यंत्रच होतं.

यानंतर दुसरा वक्ता आणि तिसरा वक्ता उभे राहिले, पण पोकळी कधी भरून न येण्याबद्दल बोलणं त्यांना जड गेलं. लोकांचे चेहरे सैल झाले होते. मग मॅनेजरनं बांबूला खूण केली.

बांबूनं कागद काढले नाहीत. आठ दिवस त्याच्या डोक्यात दादा नव्हतेच. होती ती फक्त आपली भीती, पाय पसरून बसलेली. ती उठून गेल्यावर त्या जागी एकदम दादा आले, जाड भिंगांचे, एक कान हेडफोनबाहेर ठेवून बसणारे.

"एकदा बाहेर काम होतं," तो म्हणाला. "एक कुत्रं भुंकायचं थांबेना. माणसं दगड शोधायला लागली. दादांनी हेडफोन काढून माझ्या डोक्यावर ठेवले. म्हणाले, यंत्र तू बघ, मी त्याच्याकडे बघतो. चार तास त्याच्याशेजारी जमिनीवर बसले होते. कुत्रं गप्प. मी नंतर विचारलं, दादा, काय केलंत? तर म्हणाले, काही नाही रे, आपलं कोणी ऐकतच नाही असं त्याला वाटत होतं."

इथे त्याचा आवाज फुटला. त्यानं तो सावरला नाही. आठ दिवसांत पहिल्यांदा त्याला नुसतं, स्वच्छ वाईट वाटत होतं, आणि त्याचं बरं वाटत होतं. मॅनेजरनं मनगटावरच्या घड्याळावर बोट ठेवलं. शेवटच्या रांगेतली माणसं खुर्च्या सरकवून पुढे आली.

"आणखी एक सांगतो," बांबू म्हणाला.