हसरा शॉट

करुणा वळवी मेली की हसायची, आणि हसली की तिची जखम मिटायची. सगळ्यांचंच तसं होतं. मरणाचा शॉट झाला की लगेच कॅमेऱ्यासमोर एकदा हसायचं, हा सिनेमावाल्यांचा जुना रिवाज. न हसता घरी गेलं तर मरण अंगाला चिकटतं. करुणाच्या मानेवर कुऱ्हाड बसली, पोटात सुरा गेला, एकदा ती विहिरीत बुडली. दर वेळी हसली, कोरडी ठणठणीत झाली आणि चहा घ्यायला गेली.

फक्त ती नेहमी पहिली मरायची. नंदुरबारच्या थिएटरात तिची माय मध्यंतराआधीच उठायची. "तू मेली, मग मी काय बघू?" कुठल्याच सिनेमाचा शेवट मायला ठाऊक नव्हता.

म्हणून दिग्दर्शक निनाद म्हणाला, "करुणाताई, या वेळी तुम्ही शेवटपर्यंत जगताय," तेव्हा तिला आधी माय आठवली. मग ते 'ताई' खटकलं. आजवर तो तिला 'ए वळवी' म्हणायचा.

"मीच का?"

"काळ बदललाय. गोऱ्या नायिकाच किती दिवस वाचवायच्या? तुमच्यातलंही कुणी दिसायला हवं ना."

"आणि मारणारा?"

"तो मुखवट्यातच."

मुखवट्यात हुसेनभाई होता, नेहमीसारखा. कितीतरी सिनेमांत माणसं मारली, पण त्याचा चेहरा कुणी पाहिला नव्हता. "मुखवट्याला नाव-गाव विचारत नाहीत," तो म्हणाला. "तू मात्र जपून, बहना. कुणी कुणाला उगाच जगवत नाही."

शूटिंगसाठी घेतलेल्या बंगल्याच्या खिडक्यांना काळं कापड लावून भरदुपारी रात्र केली. नायिका सानिका पहिली मेली. हसली, जखम मिटली, गाडीत बसली. "मजा कर हं, ताई!"

मग तिचा मित्र. मग लाइटवाला, त्याचं मरण कथेत नव्हतं तरी. मग मेकअपवाली. सगळ्यांना घरी जायची घाई होती. मरून, हसून एकेक जण निघत होता, आणि बाहेर गाड्या सुरू झाल्याचे आवाज येत होते.

शॉटमध्ये पळताना करुणाच्या पायाचा तळवा काचेनं कापला होता. तो वाहायचा थांबेना.

"सर, माझा हसरा शॉट घ्या ना."

"तुम्ही मेलात कुठं?" निनाद म्हणाला. "तो मेलेल्यांचा असतो."

"मग हे थांबणार कसं?"

त्यानं घड्याळ पाहिलं. "सॉरी ताई, मुलीला क्लासला सोडायचंय." हुसेनभाईच्या सुऱ्यावर त्यानं हलकेच छाती टेकली, मेला, हसला आणि गेला.

आता उरला होता एकच प्रसंग. करुणानं सुरा हिसकावला आणि हुसेनभाईला मारलं. त्यानं पडल्या पडल्या मुखवटा काढला.

"दिसतोय ना मी?" त्यानं कॅमेऱ्याला विचारलं. मग तो खूप वेळ हसला. जखम मिटल्यावरही हसत राहिला. मुखवटा डब्यासारखा काखेत मारून तोही निघाला.

"भाई, थांबा ना."

"जिंकलीस तू," दारातून तो म्हणाला, पण तिच्याकडे न बघता.

कॅमेरा चालूच होता. बंद करणारं कुणी नव्हतं. त्याच्यामागे अंधारात एक खुर्ची होती. खुर्चीत डोक्यावरून पदर घेतलेली माय बसली होती, थिएटरात बसायची तशीच.

"संपला का गं?"

"नाही, माय. तू जा घरी."

"आता कशाला जाऊ? आज पहिल्यांदा शेवट बघायला मिळतोय."

करुणा कॅमेऱ्याकडे बघून हसली. तळवा वाहतच राहिला. ती आणखी मोठ्यानं हसली. सुरा अजून तिच्याच हातात होता. तिनं त्याचं टोक स्वतःकडे वळवलं.

"तोंड फिरव, माय."

"नाही फिरवणार."

रक्त फरशीवरून हळूहळू खुर्चीपर्यंत आलं. घरात कुणी फरशी पुसायला लागलं की घेतो तसे मायनं पाय वर घेतले आणि ती पुढं बघत राहिली.