उशिरा पडणारी टाळी

बेगिमायने तीन दिवसांत दोन सॉफ्टवेअरं नापास केली होती, आणि तीही सांगून आलेल्या स्थळांत खोट काढावी तशा थाटात. एकाचा पडदा म्हणे दवाखान्यासारखा पांढराफटक. दुसऱ्यात बटणंच इतकी, की माणूस गाणं करायला बसलाय की विमान उडवायला, हेच कळू नये. खरं कारण निराळं होतं, पण ते तिने भाचीला सांगितलं नव्हतं.

भाची म्हणजे आयपेरी, तिच्या थोरल्या भावाची मुलगी. बिश्केकच्या क्लबांतून स्वतःचं इलेक्ट्रॉनिक संगीत वाजवायची. बाप गेला तेव्हा ती तीन वर्षांची होती. येत्या शनिवारी तिला बापाने केलेली एकमेव पूर्ण रचना लोकांसमोर वाजवायची होती, आणि ती रचना बेगिमायच्या बावीस वर्षांच्या संगणकात अडकून पडली होती. तो संगणक आता चौथ्या प्रयत्नात सुरू व्हायचा आणि सुरू झाला की जळकट वास मारायचा.

"एजे, आज नाही हलवलं तर हा डबा कायमचा झोपेल," आयपेरी म्हणाली. आत्याला ती एजेच म्हणायची. "मग बसा दोघी हात चोळत. हा तिसरा घे. करडा. मी रोज ह्यातच काम करते."

"तुझा करडा सगळ्यांना इस्त्री करतो. तुमची सगळी गाणी कशी शाळेच्या कवायतीसारखी! एक-दोन, एक-दोन."

"आणि तुझा हिरवा?"

"हिरवा लंगडतो," बेगिमाय म्हणाली, आणि बोलून गेल्यावर तिला वाटलं, आता सांगून टाकलेलंच बरं.

हिरवा म्हणजे जुनं सॉफ्टवेअर. त्याची खिडकी हिरवी, म्हणून हे नाव. तिचा भाऊ तेमिर याने त्याची चोरटी तबकडी दोर्दोय बाजारातून आणली होती. दिवसभर त्याच बाजारात तो मालाच्या गाड्या ओढायचा, आणि रविवारी ह्या खोलीत बसून गाणं रचायचा. त्याच्या गाण्यात टाळीचा ठोका जरासा उशिरा पडे. पावलाला ठेच लागावी आणि त्यातच त्याने नाचावं, तसं काहीतरी. ऐकणारा खुळावून जायचा. कोणी विचारलं की तेमिर हसून म्हणायचा, "चोरीचा माल आहे, लंगडणारच!" मग मोहल्ल्यातल्या साऱ्या पोरांनी त्या तबकडीच्या नकला करून नेल्या. कोणाचंच गाणं लंगडेना. "नक्कल करताना बिघडली," म्हणून सगळ्यांनी स्वतःची समजूत घातली. बेगिमायनेही तेच मानलं. भावाच्या मागे तिने कधी त्या रचनेत हात घातला नाही. नुसतं सुरू करायचं आणि डोळे मिटून ऐकायचं.

"म्हणून म्हणते," बेगिमाय म्हणाली, "हिरव्यातून बाहेर काढलं की ते लंगडणं जाईल. मग माझ्याकडे त्याचं काय उरलं?"

आयपेरी चहाचा प्याला आत्याच्या हातात देऊन म्हणाली, "मूळ इथेच राहील. मी फक्त नक्कल करून बघते. नाही आवडली तर पुसून टाकू, शपथ."

तासाभराने सगळे आवाज आणि सगळे ठोके करड्यात उतरले. आयपेरीने सुरू केलं.

टाळी अगदी वेळेवर पडली. दुसरी, तिसरी, सगळ्या.

"बंद कर!" बेगिमाय उठलीच. प्याल्यातला चहा गालिच्यावर सांडला. "बघ, मारलंस ना त्याला!"

"थांब, एजे, थांब जरा." आयपेरी कपाळाला आठ्या घालून पडद्याकडे बघत होती. "आत घेताना ठोके तालाच्या रेषेवर बसवायची खूण चालू राहिली माझ्याकडून. पण मग मुळात ते रेषेवर नव्हते. हिरव्यात बघू दे."

तिने जुन्या संगणकावर ठोक्यांची खिडकी उघडली आणि मोठी केली. बेगिमायने ती खिडकी जन्मात उघडली नव्हती. आडव्या ओळींत बारीक ठिपके होते. ढोलाचे ठिपके बरोबर उभ्या रेषांवर. टाळीचा एकही रेषेवर नाही, प्रत्येक जरा उजवीकडे, उशिरा, आणि प्रत्येकाचं अंतर निराळं.

"सॉफ्टवेअर चुकलं असतं तर सगळीकडे सारखंच चुकलं असतं," आयपेरी म्हणाली. "बाबांनी एक तुकडा करून तोच पुन्हापुन्हा चिकटवलेलाच नाही. चारही मिनिटं कळांवर बोटांनी वाजवलंय."

"कोमुझ वाजवायचा ना आधी. पहिल्यापासून शेवटपर्यंत एका दमात, तशीच सवय." बेगिमाय खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती. "ढोल तर्जनीने, झांज मधल्या बोटाने, टाळी…"

टाळी अनामिकेने. दोर्दोयला कंटेनरचं दार त्याच बोटावर आपटलं होतं. महिन्याभराने पट्टी सोडून तो म्हणाला होता, "ठणठणीत आहे." त्याच आठवड्यात त्याने आपला कोमुझ तिच्या मांडीवर ठेवला होता. "तूच वाजव, मला आता यंत्राचा नाद लागलाय." तीन तारांचं बापजाद्यांचं वाद्य टाकून हा ह्या डब्याच्या मागे लागला, म्हणून तिने त्याच्याशी पंधरा दिवस अबोला धरला होता. तो अबोला तिला आता सुरीसारखा लागला.

"एजे, मला त्यांचे हात आठवतच नाहीत," आयपेरी हळूच म्हणाली.

"हे काय," बेगिमायने पडद्यावर बोट ठेवलं. "हेच."

आयपेरीने ती खूण काढून सगळं पुन्हा उतरवलं. करड्यातून तेमिर लंगडत चालत आला. दोघी रडल्या आणि मध्येच हसल्याही, कारण मोहल्ल्यातली ती सगळी पोरं आठवली.

शेवटाकडे टाळीचे ठिपके रेषेपासून दूर दूर जात होते, आणि मग एके ठिकाणी एकही ठिपका नव्हता. नुसता ढोल. तेमिर म्हणायचा, "इथे मी थांबतो, इथे तुझा कोमुझ." आणि बेगिमाय त्या मोकळ्या जागेत वाजवायची, मोठ्या तोऱ्यात.

तिने भिंतीवरचा कोमुझ काढला आणि सूर जुळवू लागली.

"शनिवारी तू येतेयस तर," आयपेरी म्हणाली. "पण ही जागा आजच्या लोकांना फार लांब वाटेल गं. अर्धी कापू का?"

"नको," बेगिमाय म्हणाली. "राहू दे तेवढीच. त्याचं बोट दुखतंय."