तळ्याचा तळ

भूवैज्ञानिक बाईंना खाणीत फार मान होता, म्हणजे चहा आधी त्यांना मिळे. बोअरमधून निघालेले खडकाचे दांडके पेट्यांत ओळीने मांडायचे आणि कोट्यवधी वर्षांपूर्वी इथे काय होतं ते सांगायचं, हे त्यांचं काम. खाणीच्या तळाखाली आधी चुनखडीचे तुकडे, मग मऊ चिकणमाती आणि तिच्या खाली बॉक्साइटचा पक्का थर, असं त्यांनी सांगितलं होतं.

सकाळी मॅनेजर हसत आत आले. "बाई, अभिनंदन! तुमचा पक्का थर आधीच लागला. मातीबिती काही नाहीच."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी तिथल्या दांडक्याची पेटी उजेडात ओढली. दांडक्यात जुन्या झाडांच्या मुळांच्या खुणा होत्या. मुळं खाली जाड होती आणि वर निमुळती होत गेली होती. आभाळाकडे वाढणारी मुळं बाईंनी अजून पाहिली नव्हती.

दांडका पेटीत उलटा भरला होता. पेटीवर 'वर' आणि 'खाली' बाईंनीच लिहिलं होतं.

त्यांनी तो सुलटा केला. आता वर बॉक्साइटचा पातळ थर, त्याखाली तळ्यातली ओली चिकणमाती आणि सगळ्यात खाली चुनखडीचे फुटके तुकडे. म्हणजे खाली गुहा होती, तिचं छत कोसळलं होतं आणि अख्खं तळं एकदा जमिनीच्या पोटात गेलं होतं; खाली पोकळी अजूनही असणार. त्या पातळ थरावर आत्ता खोदयंत्र उभं होतं आणि यंत्रावर बाईंचा धाकटा भाऊ, ज्याला सगळे डुलक्या म्हणत.

"साहेब, यंत्र वर काढा."

"अहो, जमीन टणक आहे! मी पाय आपटून बघितलाय."

"झाकणही टणकच असतं."

"दुपारी मालक येतायत. तुमचं तळं इतकी वर्षं थांबलंय, उद्यापर्यंत थांबेल की."

बाई खाणीच्या काठावर गेल्या आणि भावाला फोन लावला.

"यंत्र तिथेच सोड आणि वर ये."

"ताई, यंत्र सोडलं तर साहेब मला सोडतील का?"

"चालत ये. पळू नकोस."

"पळायला सांगितलं असतंस तर आलोच नसतो," तो म्हणाला. पण ताईचा आवाज त्याने असा कधी ऐकला नव्हता. तो गुपचूप चढून आला.

मॅनेजरांचा पारा चढला. "भित्री भागूबाई कुठली!" म्हणत ते स्वतः उतरले. एकेकाळी तेही यंत्र चालवत. आज ते सगळ्यांना दाखवून देणार होते. त्यांनी इंजिन सुरू केलं, लोखंडी बकेट उंच नेली आणि दाणकन जमिनीवर आपटली.

आवाज दगडाचा नव्हता. रिकाम्या पिंपावर थाप मारावी तसा होता.

"ताई," डुलक्या पुटपुटला, "हे काय वाजलं?"

बाई जीव तोडून ओरडल्या. मॅनेजरांनी खुशीत हात हलवला. दुसरा दणका बसला, आणि आवाज आणखी खोलातून आला. यंत्राच्या पट्ट्यांभोवतीची धूळ वर उडण्याऐवजी खाली शोषली जाऊ लागली.

"साहेब, उतरा!" भाऊबहीण एकदम किंचाळले.

मॅनेजरांनी ऐकू येत नाही अशी खूण करत इंजिनाकडे बोट दाखवलं आणि बकेट तिसऱ्यांदा वर उचलली.