तीन बोटांचा आ

माझ्या कवळीचं आणि इंग्रजीचं जमत नाही, हे मला बहात्तराव्या वर्षी कळलं. त्याआधी दोघींची गाठच पडली नव्हती.

झालं ते नातीमुळं. माझी लेक रोहिणी इंदापूरला दिलेली. तिची मोना दुसरीत, इंग्रजी शाळेत. तिथं दरवर्षी आजी-आजोबांचा दिवस करतात. आजीनं स्टेजवर माइकसमोर इंग्रजीतून छोटी गोष्ट वाचायची आणि नातवंडानं ती ऐकत ऐकत करून दाखवायची. गोष्ट आधी फोडायची नाही. गेल्या वर्षी मोना कुठल्याशा नाचाला स्टेजवर गेली, जागच्या जागी थिजली आणि रडत खाली आली. पोरं महिनाभर हसली. यंदा तिनं आईला स्वच्छ सांगितलं होतं, पुन्हा तसं झालं तर मी या शाळेत जाणार नाही.

खरं तर हा मान दुसऱ्या आजीचा, म्हणजे माझ्या विहिणीचा, जयवंताबाईंचा. त्या मुलाकडच्या. मुलीकडच्या बाईनं त्यांच्यापुढं जाऊ नये, अशा रीतीत आम्ही वाढलो. पण त्यांना इंग्रजी येत नव्हतं आणि मला येतं, असा माझा समज होता. मोरगावच्या शाळेत गुरुजी फळ्यावर इंग्रजी वाक्य लिहायचे आणि आमचा सगळा वर्ग ते पाढ्याच्या चालीवर म्हणायचा. शेजारच्या रानात बाजरी राखणाऱ्या बायांनाही आमचं इंग्रजी पाठ झालं होतं. एवढ्या भांडवलावर मी विहिणीकडं फोन करून मान मागून घेतला.

"घ्या की विहीणबाई," त्या म्हणाल्या. "तुमी शिकलेल्या. आमी फुडं बसून टाळ्या वाजवू."

हे मला झोंबलं. दुसऱ्या दिवशी मी बारामतीत अविराज सरांच्या क्लासला नाव घातलं. क्लास खताच्या दुकानावर, बाकी सगळी कॉलेजची पोरं. सर म्हणाले, इंग्रजीचे स्वर पुस्तकात नसतात, जबड्यात असतात. आरसा आणा. दातांत एक बोट मावलं की 'बेड', दोन मावली की 'बॅड', तीन मावली की 'फादर'. मी तीन बोटं घातली आणि वरची कवळी तळहातावर आली.

यात माझाही दोष नाही. मी सांगवीची सून. सासऱ्यांसमोर पदराआडून, ओठ न हलवता 'हो' आणि 'नाही' म्हणण्यात माझा हात धरणारी भावकीत कुणी नव्हती. त्या तोंडाला आता कुणी एकाएकी तीन बोटं उघड म्हणालं, तर ते तरी काय करणार? घरी मी आरशापुढं आ वासून बसायची. शेजारच्या रंगूबाई दाढ दुखते समजून लवंग घेऊन आल्या. ती मी चघळली, कारण खरं कारण सांगणं जास्त अवघड होतं.

मग आले जोडस्वर. सर म्हणाले, यात तोंड एका ठिकाणाहून निघतं आणि दुसऱ्या ठिकाणी पोचतं, मधे घाई करायची नाही. मी अजिबात घाई केली नाही. माझा एक 'गो' बारामतीहून निघाला की भवानीनगर, लासुर्णे, निमगाव केतकी घेत इंदापुरात पोचायचा. सर खूष झाले. मला पुढं उभं करून पोरांना म्हणायचे, आजींचं तोंड बघा. जन्मात कुणी माझं तोंड बघा असं कौतुकानं म्हटलं नव्हतं. मी फुगले. गोष्टसुद्धा सरांनीच लिहून दिली, जोडस्वरांनी ठासून भरलेली. तपकिरी गाय रस्त्यानं घरी निघते, वाटेत घुबड भेटतं, ते मोठ्यानं ओरडतं, गाय पळत सुटते.

कार्यक्रमाला सर स्वतः आले. क्लासच्या जाहिरातीसाठी त्यांना माझं शूटिंग करायचं होतं. विहीणबाई पहिल्या रांगेत, नवं लुगडं नेसून. मोना माझ्यापासून चार हातांवर उभी.

मी सुरू केलं. "द ब्राऽऽउन काऽऽउ गोऽऽउज होऽऽउम."

मुख्याध्यापिका शास्त्रीय गाणं ऐकावं तशा मान हलवू लागल्या. मोना हलली नाही. ती माझ्या तोंडाकडं बघत होती. मागून कुणीतरी पोर फिसकन हसलं.

मला वाटलं, पुढचं वाक्य याहून सुंदर म्हटलं की तिला कळेल. म्हणून मी आणखी तोंड उघडलं. कवळी सटकली, ती जिभेनं टेकू देऊन धरली आणि स्वर काही सोडला नाही. मोनाचे हात फ्रॉकला चिकटले होते. हनुवटी थरथरायला लागली.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून विहीणबाईंचा आवाज आला. उसाच्या फडात या टोकाहून त्या टोकाला हाक मारायची त्यांना सवय, माइकची गरज नव्हती.

"विहीणबाई, पोरीला कळंना झालंय. नीट सांगा की."

मी सरांकडं पाहिलं. ते फोन धरून अंगठा वर करत होते. मग मोनाकडं पाहिलं. तिचे डोळे भरले होते. मी कवळी दाबून बसवली आणि गुरुजींच्या चालीवर पहिल्यापासून म्हणाले, "द ब्राऊन काऊ. गोज होम. डाऊन द रोड."

मोनाचे खांदे खाली आले. तिनं दोन बोटं डोक्याला लावून शिंगं केली. तिसऱ्या वाक्याला ती रवंथ करत रस्त्यानं चालली होती आणि खालची पोरं माझ्याबरोबर पाढा म्हणत होती. घुबड आलं तेव्हा मोनाच अशी ओरडली की माइकनं शिट्टी मारली. गाय पळाली ती थेट स्टेजवरून उतरून विहीणबाईंच्या मांडीवर जाऊन बसली. टाळ्या त्यांनाच जास्त मिळाल्या.

सरांनी फोन खिशात घातला. जाताना सभ्यपणे म्हणाले, तुमचा 'फादर' फार छान आहे. गोष्टीत फादर नव्हताच.

चहाला विहीणबाईंच्या घरी गेलो. त्यांनी बशीत फुंकर घालत विचारलं, "आधी बोलत व्हता, ती कुठली भाषा?"

"इंग्रजी."

"आन मागनं बोलला ती?"

"तीपण इंग्रजीच."

त्यांनी घोट घेतला. "मागची बरी हाय. पहिलीत लई येळ जातो."

सोमवारी रोहिणीचा फोन आला. मोना शाळेत गेली होती, कुणी न सांगता, स्वतःचं दप्तर भरून. वर्गातली पोरं आता तिला 'काऊ' म्हणतात. मी विचारलं, रडली का? मोनानंच फोन ओढून घेतला. ती रडली नव्हती, तिनं सगळ्या वर्गाला हंबरून दाखवलं होतं.

"आज्जी, पुढच्या वर्षी पण तूच ये," ती म्हणाली. "पण क्लासला जाऊ नकोस."