चाकांपुरते दोन पट्टे

मी एक जुना, लांब दांड्याचा, राठ केसांचा ब्रश आहे. मित्रांनो, माझे निम्मे केस झडले आहेत, पण माझी कीव करू नका. मला राग आला आहे, तेवढा ऐकून घ्या.

कारखान्यात मला घडवले ते शेवाळाशी वैर धरण्यासाठीच. या घरात आलो तेव्हा फाटकापासून गॅरेजपर्यंतची फरसबंद वाट हिरवीगार झाली होती. घरातला थोरला मुलगा दर रविवारी मला बादलीत बुडवायचा आणि कामाला जुंपायचा. फरश्यांच्या सांध्यांतले शेवाळसुद्धा मी खरवडून काढायचो. शेजारी वाटेचे कौतुक करायचे आणि मी फुशारून जायचो, हे कबूल करतो.

मग नवी गाडी आली आणि थोरल्याची अक्कल गहाण पडली. टायरला हिरवा चिखल लागतो म्हणून तो फक्त चाकांपुरते दोन पट्टे घासू लागला. भिंतीकडच्या कडेला ऊन कधी पोहोचत नाही. तिथे शेवाळ माजले. आणि त्याची आई रोज सकाळी दूध आणायला फाटकापर्यंत जायची ती भिंतीला धरून, त्याच कडेने. तिचे गुडघे दुखत, आणि बाकीची वाट गाडीने अडवलेली असे.

तेवढी कड घास, असे तिने दोनदा सांगितले. तिसऱ्यांदा सांगितले तेव्हा तो माझे पाणी झटकत म्हणाला, "तू त्या बाजूने जातेसच कशाला?"

"मग काय गाडीवरून उडी मारू?"

त्याने मला भिंतीला टेकवून ठेवले, त्या शेवाळापासून हातभर अंतरावर. मला स्वतःहून हलता येत नाही याचा एवढा संताप मला कधीच आला नव्हता.

त्यानंतर चौथ्या दिवशी आई त्याच कडेवर घसरली. खुब्याचे हाड मोडले. पिशवीतले दूध सांध्यांतून वाहत माझ्यापर्यंत आले.

धाकटी मुलगी दवाखान्यातून तडक इथे आली. तिने वाट नीट पाहून घेतली आणि भावाला म्हणाली, "टायर मात्र स्वच्छ आहेत हो तुझे."

मग मला उचलून, केसांजवळ धरून, गुडघ्यांवर बसून त्याने सगळी कड घासली. शेवाळ पुन्हा धरू नये म्हणून सांध्यांत कोरडी वाळू भरली. माझे केस झडले ते त्याच दिवशी. इतके चोख काम मी जन्मात केले नव्हते, आणि कोणत्याही हाताचा इतका तिरस्कारही केला नव्हता.

आता कड लख्ख आहे. आई खाटेवरून उठत नाही. दूध थोरला आणतो, गाडी बाजूला घेऊन, वाटेच्या मधून.

मित्रांनो, ब्रश जपून वापरा असे मी सांगणार नाही. मला खुशाल फेकून द्या. पण घासायला बसण्याआधी घरात एकदा विचारा, कोण कुठून चालते ते. आणि सुरुवात तिथूनच करा.