सव्वासहा फुटांची वाट

माझ्या भाच्याने त्याच्या आईच्या चुकांची यादी टाइप करून आणली. एकूण अकरा कलमं होती. भाचा लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत आहे. कुठलीही गोष्ट वर न्यायची तर क्रमाने न्यावी असा त्याचा स्वभाव. दहा कलमं किरकोळ होती. गॅस चालू राहिला, चष्मा फ्रिजमध्ये सापडला, दूधवाल्याला आधीच्या दूधवाल्याच्या नावाने हाक मारली. हे सगळं मीही करतो, पण मला मूलबाळ नसल्यामुळे त्याची नोंद होत नाही. पहिलं कलम मात्र ठळक अक्षरांत होतं: ‘लहानपणी शाळेत जाताना रोज बेकरीच्या आतून, भट्टीला लागून चालत जायचे, असं सांगते.’

यादी सोमवारी डॉक्टरांना दाखवायची होती. स्मरणशक्ती गेली असं डॉक्टर म्हणाले की ताईचं दोन खोल्यांचं घर बंद करायचं आणि तिला भाच्याकडे चौदाव्या मजल्यावर न्यायचं, असं ठरलं होतं. ताईचं वय चौऱ्याऐंशी. चौदाव्या मजल्याबद्दल तिची काही तक्रार नव्हती. चहा पिऊन खाली येता आलं असतं तर तो तिला आवडलाही असता.

आता बेकरीचं सांगतो. आमचे वडील कपाटं करायचे. त्यांचं पहिलं घर गावातल्या बाजाररस्त्यावर, एका बेकरीच्या मागे होतं. वडिलांची हकिगत अशी की बेकरीवाल्याने पुढची सगळी मोकळी जागा बांधून काढली, आमची वाट बंद केली आणि आम्हाला मागच्या बोळातून ये-जा करायला लावलं. जेवताना मीठ कमी पडलं तरी ते बेकरीवाल्यावर घसरायचे. माझा जन्म ते घर सोडल्यानंतरचा, त्यामुळे मला हे वैर तयारच मिळालं; मी ते कुरकुर न करता वापरलं. ताई मात्र म्हणायची, बंदबिंद काही नव्हतं, आपण बेकरीच्या पोटातून जायचो. त्यावर सगळे हसायचे. आमच्या घरात कुणी थाप मारली की ‘ही ताईची बेकरी’ म्हणायची पद्धत पडली. ती सत्तर वर्षं टिकली.

ताईने यादी वाचली, घडी केली आणि मला म्हणाली, “धाकट्या, तू जन्मभर लोकांच्या चुका काढल्यास. आता एकदा बघ, ही माझी चूक आहे का.”

मी छापखान्यात मुद्रितं तपासायचो. चूक आहे का, असं मला त्या नोकरीत कुणी कधी विचारलं नव्हतं. चूक आहेच, हे धरून पगार मिळायचा.

नगरपालिकेच्या इमारतीत, जन्ममृत्यूच्या खिडकीच्या वर, जुने नकाशे ठेवलेली खोली आहे. तिथे एक नकाशेबाई बसतात. मी रस्ता सांगितला, साल सांगितलं, आणि सवयीने बेकरीवाल्याबद्दल दोन शब्द वाईटही सांगितले. बाईंनी त्यातलं रस्ता आणि साल तेवढं लिहून घेतलं. मग लांबरुंद पातळ खणांच्या कपाटातून त्यांनी दोन ताव काढले. एक वडिलांच्या लग्नाआधीचा, दुसरा ताई सात वर्षांची असतानाचा. इतक्या मोठ्या मापाचे नकाशे होते की पायऱ्या, विहिरी, दिव्याचे खांब, सगळं दिसत होतं.

पहिल्या तावावर आमचं घर मागे, बेकरी पुढे डाव्या बाजूला, आणि उजवीकडे मोकळं अंगण. दुसऱ्यावर अंगण गायब. बेकरी या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलेली. वडील खरं बोलत होते. मला समाधान वाटलं, आणि लगेच ताईची यादी आठवली. पण बेकरीच्या मधोमध एक अरुंद पट्टी होती आणि तिच्यावर फुल्या मारलेल्या होत्या.

“ही वाट खोडलेली दिसते,” मी म्हणालो.

“खोडलेली कशावरून?”

“फुल्या आहेत ना. आमच्याकडे फुली म्हणजे काढून टाका.”

नकाशेबाईंनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मी जन्मभरात काय काय काढून टाकलं असेल याची त्यांना काळजी वाटली असावी. मग त्यांनी कोपऱ्यातली खुणांची यादी भिंग धरून दाखवली. फुल्या म्हणजे वर छप्पर आणि त्याखालून जायची वाट. इमारतीच्या आतून जाणारी.

त्या पट्टीचं एक टोक बाजाररस्त्यावर होतं. दुसरं आमच्या दारात.

मी खुर्ची मागितली. बसल्यावर मागचा बोळ विचारला. बाईंनी बोट फिरवलं. आमच्या घराच्या मागे लाकडाच्या वखारीची भिंत होती, सलग, शेवटपर्यंत. दरवाजा नाही, खिंडार नाही. बोळ दोन्ही तावांवर नव्हता. जो बोळ मी लहानपणापासून तोंडपाठ ऐकला होता, तो वडिलांनी स्वतः बांधला होता. त्यांच्या कपाटांसारखाच, कुठे फट न ठेवता.

बाईंनी पट्टी लावून वाटेची रुंदी मोजली. चार मिलिमीटरला किंचित कमी. नकाशावरचा एक इंच म्हणजे जमिनीवरचे चाळीस फूट. हिशेब करून त्या म्हणाल्या, सव्वासहा फूट. आणि मग स्वतःशीच पुटपुटल्या की माणसांना जायला एवढी कशाला, तीन फूट पुष्कळ झाले असते.

मी सुताराचा मुलगा आहे. मला उत्तर येत होतं. आमच्या वडिलांचं मोठं कपाट सहा फूट उंचीचं असायचं. ते आडवं धरून, उंबऱ्यातून वळवून रस्त्यावर काढायचं तर तेवढीच जागा लागते. तीन फुटांच्या वाटेने आम्ही सगळे बाहेर पडलो असतो. कपाटं आत राहिली असती. आणि कपाटं आत राहिली असती तर माझी शाळा, माझी फी आणि पुढची सगळी मुद्रितंही तिथेच राहिली असती. ज्या माणसाला मी सत्तर वर्षं घरबसल्या बोल लावत होतो, त्याने स्वतःच्या बेकरीचे दोन तुकडे करून मला जेवू घातलं होतं.

वडिलांना खोटं बोलण्याची आवड नव्हती. त्यांना उपकार घेता आला, सांगता आला नाही, एवढंच. दुसऱ्याच्या भट्टीतून रोज घरी जातो म्हणण्यापेक्षा वाट अडवली म्हणणं ताठ मानेने म्हणता येतं.

नकाशाच्या नकलेचे पैसे भरून मी ती भाच्यापुढे ठेवली. त्याने ती उभी पाहिली, आडवी पाहिली, मोबाइलवर मोजली. लिफ्टवाल्यांना मापं कळतात. मग तो म्हणाला, जागेवर जाऊन बघायला हवं.

रविवारी आम्ही तिघं गेलो. बेकरीच्या जागी आता चष्म्यांचं दुकान आहे. चालवणाऱ्या बाई बेकरीवाल्याची नात निघाल्या. मी आमचं काम सांगितलं तेव्हा त्या हसायलाच लागल्या. त्यांच्या घरात आजोबा म्हणजे चेष्टेचा विषय होता. एवढी मोठी बेकरी बांधली आणि मधोमध बोगदा सोडून दिला. कणीक एकीकडे, भट्टी दुसरीकडे, माणसं दिवसभर पराती घेऊन ये-जा करायची. गवंड्याने आजोबांना फसवलं, असं त्यांच्याकडे म्हणत. आजोबांनी कधी काही सांगितलं नाही, हसणाऱ्यांबरोबर हसायचे.

“वाट आहे अजून?” ताईने विचारलं.

होती. डोळे तपासायला लांब खोली लागते म्हणून त्यांनी मागचं टोक बंद करून तिथे अक्षरांचा तक्ता लावला होता. ताई आत गेली, थांबली आणि डाव्या भिंतीवर तळहात टेकवला.

“जाताना ही गरम असायची,” ती म्हणाली. “थंडीत मी इथे पाठ शेकत उभी राहायची. मग उशीर झाला म्हणून शाळेत छडी.”

चष्मेवाल्या बाई म्हणाल्या की भट्टी त्याच भिंतीमागे होती. फोडताना विटा काळ्या निघाल्या होत्या.  भाच्याने आईला विचारलं, पावसात ही वाट गळायची का. ताई म्हणाली, एका जागी. त्याने विचारलं, कुठे. आईला तो काही विचारतोय आणि उत्तर त्याला आधी माहीत नाही, असं मी पुष्कळ वर्षांनी पाहत होतो. वाटेतून दुकानात परत आल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाला, “मामा, चौदाव्या मजल्याचं तूर्त राहू दे. गॅसला आपोआप बंद होणारं बटण बसवून देतो.” आमच्या घराण्यात यालाच माफी म्हणतात. सोमवारी डॉक्टरांकडे ते दोघं गेले, पण ताईच्या गुडघ्यासाठी.

आम्ही दुकानात असतानाच चष्मेवाल्या बाईंनी त्यांच्या काकांना फोन लावला होता. बेकरीवाल्यांचा धाकटा मुलगा, वय एक्क्याण्णव, राहतो लेकीकडे, ऐकू कमी येतं. बाई जोरजोरात सांगत होत्या, काका, आजोबांचं माप चुकलं नव्हतं, मागच्या सुतारासाठी सोडलं होतं. पलीकडून आवाज आला, हे तुला आज कळलं का.

मग काकांनी विचारलं, सांगतंय कोण. बाई म्हणाल्या, सुताराची मोठी मुलगी.

“भिंतीला टेकून उभी राहायची ती?” काका म्हणाले. “तिच्यापायी माझी परात अडायची. एकदा त्यांचं कपाट आमच्या उंबऱ्याला घासलं, पॉलिश गेलं. दुसऱ्या दिवशी बाबांनी उंबराच उखडून टाकला. सुताराला मात्र सांगायचं नाही म्हणाले. त्याला अवघड वाटेल.”

ताईने फोन दोन्ही हातांत धरला. म्हणाली, आमच्या वडिलांच्या वतीने तुमच्या वडिलांचे आभार मानते.

काकांना ऐकू आलं नाही. तिने पुन्हा म्हटलं, मोठ्याने. दुकानातली दोन गिऱ्हाइकं नव्या फ्रेमा डोळ्यांवर तशाच ठेवून आमच्याकडे बघायला लागली. काका म्हणाले, काय म्हणते?

तिसऱ्यांदा मी आणि भाचाही तिच्याबरोबर ओरडलो.