पितरांची हाय

सातपूरच्या एका मंगल कार्यालयात रविवारी सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. रात्रपाळी करून थेट आलेले चाळिशी-पन्नाशीचे कामगार डोळे चोळत बसले होते. व्यासपीठावरून गोटीराम महाराजांचा आवाज घुमत होता, “डॉक्टर सांगतो, बीपी हाय. अरे, पण हाय कुणाची? पितरांची हाय! आज्याला होतं, बापाला होतं, आता तुला. घराण्याचा शाप गोळ्यांनी जातो व्हय?”

टाळ्यांचा कडकडाट झाला. उज्वलाने हात जागचा हलवला नाही. देवळ्याहून पहाटेच्या एसटीने ती आली होती, ती धाकट्या भावासाठी. संतोषने महिनाभरापासून बीपीच्या गोळ्या बंद केल्याचं त्याच्या बायकोने, मीनाने, फोनवर रडत सांगितलं होतं. त्यांचे वडील, आबा, पन्नाशीच्या आत अर्धांगाने गेले. संतोष आता त्याच वयाला टेकला होता. “भाऊबंदांचं काही खाल्लंय का?” असं महाराजांनी पहिल्याच भेटीत विचारलं, आणि आबांनी चुलत्याची बळकावलेली विहीर त्याने आपणहून सांगून टाकली. तेव्हापासून त्याची झोप उडाली होती.

“ताई, मशीन खोटं बोलतं का?” शेजारी बसलेला संतोष म्हणाला. “आल्या आल्या एकशे शहात्तर, विधी झाला की एकशे अडतीस. माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.”

“बघू की,” उज्वला म्हणाली आणि टक लावून बघत राहिली.

दोन जिने चढून धापा टाकत आलेल्या माणसाला शिष्य दारातच उभं करी, लोंबत्या हाताला बीपीच्या मशीनचा पट्टा बांधी आणि वर “बायकोशी भांडता का?” म्हणून बोलतंही करी. आकडा मोठ्याने पुकारला जाई. मग अर्धा तास डोळे मिटून जप. शेवटी पट्टा बांधलेला हात उंच आभाळाकडे. “पितरांना शरण जा!” म्हटलं की आकडा उतरलेला!

उज्वलाच्या मनात पाल चुकचुकली. ती स्वतःच कितीतरी वर्षं बीपीची गोळी घेत होती. डॉक्टरबाईंनी तिला दटावून शिकवलं होतं: आधी पाच मिनिटं शांत बसा, बोलू नका, हात टेबलावर छातीच्या उंचीला ठेवा, नाहीतर आकडा भलताच येतो.

संतोषचा हात वर गेला, एकशे अडतीस पुकारले गेले, तशी ती व्यासपीठावर चढली.

“महाराज, मी ह्याची सख्खी बहीण. मला लागेल का हा शाप?”

“नाही माउली. लेक सासरी गेली, गोत्र बदललं. माहेरचे पितर तिला शिवत नाहीत.”

“मग मला बीपी कसं? आणि लग्न करून ह्याच्या गोत्रात आलेल्या ह्याच्या बायकोला, मीनाला, काहीच कसं नाही?”

महाराजांनी पुढच्या माणसाला खूण केली. उज्वला भावाकडे वळली. “संतोष, खाली बस. हात टेबलावर ठेव.”

थोडं थांबून तिने बटण दाबलं. एकशे साठ. हात वर करायला लावला. एकशे अडतीस. पुन्हा टेबलावर. एकशे एकसष्ट.

“श्रद्धा डळमळली की आकडा चढणारच!” महाराज कडाडले.

“मग तुमचा हात द्या. तुमची श्रद्धा तर पक्की असेल ना?”

महाराजांनी हात उपरण्याखाली घेतला.

“वरच्या मजल्यावरच्या नळाला जोर कमी असतो,” उज्वला लोकांना म्हणाली. “हात वर नेला की दंडातही तसंच होतं. अंगातलं बीपी जिथल्या तिथंच राहतं.”

पुढच्या रांगेतली भाजीवाली नवसाबाई उठली. “माझं बी मोजा, हात खाली ठिवून. म्या पण गोळ्या सोडल्यात.” तिच्या मागे आणखी माणसं उठू लागली. शिष्य मशीन पिशवीत कोंबायला धावला, पण ते नवसाबाईने आधीच धरून ठेवलं होतं.

बाहेर पायरीवर संतोष मान खाली घालून बसला. “पण आज्याला, आबांना, मला... हे तर खरंच ना, ताई?”

“खरंच आहे. नाक आबांचं आलं, तशीच ही बीपीची ओढही आली. ती ज्यांच्यातून येते, त्यांना डॉक्टरबाई जनुकं म्हणतात. आईकडूनही येतात, बापाकडूनही, आणि लेक सासरी गेली म्हणून माहेरी राहत नाहीत. पण ओढ आहे म्हणजे मरण लिहिलंय, असं नाही. मीठ कमी कर, तंबाखू सोड, गोळी चुकवू नको.”

“म्हणजे आबा विहिरीपायी गेले नाहीत?”

“विहीर बळकावली ते चुकलंच त्यांचं. पण गेले ते बीपीने. त्यांचं वेळेवर कुणी मोजलंच नाही रे.”

संतोषने बाहीने डोळे पुसले आणि आपणहून दवाखान्याची वाट धरली.

घराण्यात बीपी असेल, तर त्याचा जाब पितरांना विचारू नका. चाळिशीची वाट न बघता हात टेबलावर ठेवा आणि खरा आकडा मोजून घ्या.